लांबची लेन्स

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही लोधिवलीहून आलोय, चौघी जणी. माइकसमोर आवाज एकीचाच येईल, पण भाषण चौघींनी बसून लिहिलंय, म्हणून 'आम्ही' म्हणतो. विषय आहे कॅमेरा. आता रेडिओवर फोटोबद्दल बोलायचं म्हणजे नुसत्या वासावर पंगत वाढायची. पण ताई म्हणाल्या, तुम्ही सांगा, ऐकणाऱ्या डोळे मिटून बघतील. बघा जमतंय का.

लोधिवली म्हणजे खालापूर तालुक्यातलं गाव. जुन्या मुंबई-पुणे हायवेनं पनवेलकडून आलं की चौकच्या अलीकडं. जवळच रसायनीचे कारखाने, खाली पाताळगंगा, आणि वर मान केली की प्रबळगड, इर्शाळगड. पाताळगंगा आमच्या गोष्टीत पुढं येणार आहे, म्हणून तिचं एक सांगून ठेवतो. खोपोलीच्या वीजघरात वीज करून झालेलं पाणी तिच्यात सोडतात, त्यामुळं भर मे महिन्यातही ती वाहती असते. बाकीचे ओढे कोरडे पडतात तेव्हा सगळे बगळे हिच्या काठाला.

आमचा बचत गट अकरा जणींचा. पापड करून झाले, कुरडया करून झाल्या, मसाला करून झाला. पण मसाला प्रत्येकच गट करतो. मोहोपाड्याच्या बाजारात गिऱ्हाइकं कमी आणि मसालेवाल्या जास्त अशी गत झाली होती. तेव्हा धाकटी म्हणाली, आपण फोटोचा धंदा करू. धाकटी म्हणजे आमच्या अध्यक्ष काकींची सून, एमएससीआयटी झालेली. तिचं म्हणणं सरळ होतं. डोहाळजेवण, बारसं, हळद, हळदीकुंकू, हे सगळे बायकांचे कार्यक्रम, आणि फोटो काढायला येतो बाप्या. तो आला की सुना पदर सावरायला लागतात, म्हाताऱ्या आत जाऊन बसतात, बाळंतीण तोंड फिरवते. मग अल्बममधे उरतात कोण? मिरवणारे. आपण बायकाच गेलो तर?

काकी म्हणाल्या, "मोबाइल हाय की सगळ्यांकडं. तुला पैसे कोण देल?" प्रश्न बरोबर होता. पण मोबाइलवर लांबचं माणूस जवळ ओढलं की चेहऱ्याचे चौकोन-चौकोन होतात, हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं. खऱ्या झूम लेन्समधे काचाच पुढंमागं सरकतात आणि लांबचं जवळ येतं. मोबाइल बोटांनी ताणतो तेव्हा बहुतेक वेळा तो नुसता आहे तोच फोटो कापून मोठा करतो. पातेल्यात आहे तेवढ्याच आमटीत पाणी घालून ती दहा जणांना पुरवावी तसं.

तर २०२२ च्या दिवाळीत गटाच्या अंतर्गत कर्जातून पनवेलला जाऊन कॅमेरा घेतला. सोबत दोन लेन्सा. सगळे मिळून ४२,००० रुपये. पाडव्याला त्याची पूजा केली. हळदकुंकू डब्याला वाहिलं, लेन्सला नाही, एवढी अक्कल तेव्हाही होती.

हा डिजिटल प्रकार फार जुना नाही. पहिला डिजिटल कॅमेरा अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं १९७५ साली जुळवला. त्याचं वजन साडेतीन किलोंच्या वर होतं आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागायचे. तेवढ्या वेळात आमच्याकडं नवरीला पाच जणींची हळद लागून होते. आमचा कॅमेरा सेकंदाला चार फोटो काढतो. पण चार काढतो म्हणजे चार चांगले काढतो असं नाही, हे कळायला आम्हाला तीन महिने आणि एक अपमान लागला.

दोन लेन्सांपैकी एक आखूड, तिच्यावर १८-५५ लिहिलेलं. दुसरी लांबुडकी, ५५-२००. आकडा लहान तितकं जास्त जग आत मावतं. १८ वर सगळा मांडव येतो, २०० वर मांडवाच्या टोकाला बसलेल्या आजीच्या नाकातली मोरणी. आम्ही अर्थातच लांबुडकीच्या प्रेमात पडलो. ओसरीवर बसून हायवेवरच्या ट्रकच्या पाट्या वाचायचो. समोरच्या गच्चीवर कुणाची गोधडी वाळतेय ते बघायचो. एकदा वहिनींनी लांबूनच पाहिलं, त्यांचे यजमान पारावर बसून वडापाव खातायत. साखर आहे त्यांना. संध्याकाळी घरात जे झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

पहिली ऑर्डर जानेवारीत मिळाली. जवळच्याच वाडीत एका मुलीची हळद. ३,००० रुपये ठरले, आगाऊ घेतले. कार्यक्रम संध्याकाळी. अंगणात ताडपत्रीचा मांडव, पिवळे दिवे, झेंडूच्या माळा. आम्ही ठरवलं, गर्दीत मधे मधे करायला नको, मागं उभं राहून लांबच्या लेन्सनं काढू. सगळं ऑटोवर. ३४० फोटो काढले. मागच्या छोट्या काचेवर एकेक बघत होतो आणि एकमेकींना टाळ्या देत होतो.

दुसऱ्या दिवशी मोहोपाड्याला एका फोटोवाल्या दादांकडं कार्ड घेऊन गेलो, प्रिंटा काढायला. त्यांनी मोठ्या पडद्यावर पहिला फोटो उघडला आणि काही बोललेच नाहीत. दुसरा उघडला, तिसरा उघडला. छोट्या काचेवर जे छान दिसत होतं ते सगळं हललेलं. नवरीला दोन-दोन नाकं. जे हललेले नव्हते त्यांत पुढची झेंडूची माळ अगदी पाकळी न पाकळी स्पष्ट, आणि तिच्यामागं नवरी म्हणजे पिवळा ढग. ३४० पैकी दाखवण्यासारखे निघाले ३१. त्यातही नवरीचा चेहरा नीट असलेले सहा.

आम्ही पैसे परत करायला गेलो. मुलीच्या वडिलांनी घेतले, रागावले नाहीत. आई मात्र म्हणाली, "पैशाचं जाऊ दे गो. पण हळद काय परत लागत नाय." आम्ही चौघी खाली मान घालून चालत घरी आलो. रिक्षाचे पैसे उरले नव्हते असं नाही, रिक्षावाला ओळखीचा होता.

गटाच्या बैठकीत दोघींनी कॅमेरा विकायचं काढलं. काकींनी, ज्यांचा सुरुवातीला विरोध होता, त्यांनीच नाही म्हटलं. "पयली भाकरी कोणाची गोल झाली?" एवढंच बोलून त्यांनी वहीवर पुढचा विषय घेतला.

मग शिकायला बसलो. कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजी, धाकटी वाचायची आणि सांगायची. उरलेलं त्या फोटोवाल्या दादांनी सांगितलं. खरं तर आम्ही त्यांच्याच पोटावर पाय द्यायला निघालो होतो, पण त्यांनी हातचं राखून ठेवलं नाही.

झालं होतं काय, ते आता आमच्या भाषेत सांगतो. फोटो म्हणजे उजेडानं भरलेला हंडा. नळाला पाणी जोरात असेल तर हंडा लगेच भरतो, करंगळीएवढी धार असेल तर वेळ लागतो. लेन्सला एक भोक असतं, ते म्हणजे नळाचं तोंड. आमच्यासारख्या स्वस्तातल्या झूम लेन्सचा एक गुण असा, की ती जितकी लांब ओढावी तितकं हे तोंड बारीक धरलं जातं. ५५ वर तिचा आकडा ४ असतो, २०० वर ५.६. ऐकायला दीडाचाच फरक, पण उजेड निम्मा होतो. म्हणजे लांब बघायला जावं तर आत अंधार. त्यात मांडवातले दिवे मिणमिणते. मग कॅमेरा काय करणार? हंडा भरेपर्यंत नळाखाली धरून ठेवणार. सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागापर्यंत पडदा उघडा. तेवढ्यात आपला श्वास हलतो, नवरी हसते, करवली धक्का देते, आणि सगळं सांडतं.

लांबच्या लेन्समधे आपला हातसुद्धा मोठा होऊन हलतो. माणूस जवळ येतं तशी हाताची थरथरही जवळ येते. दादांनी एक हिशेब सांगितला तो आम्ही ओट्यावर खडूनं लिहून ठेवला होता. लेन्स २०० वर असेल तर पडदा सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, आणि आपल्या कॅमेऱ्याची आतली पाटी लहान असल्यामुळं तीनशेवा भाग धरलेला बरा. लेन्सवर थरथर आवरणारं बटण असतं, त्यानं आपला हात आवरला जातो. नाचणारी करवली आवरत नाही.

मग अंधारात करायचं काय? एक आकडा असतो, आयएसओ म्हणतात. तो वाढवला की कमी उजेडातही काम भागतं. पण फुकट नाही. तुमच्या घरातल्या रेडिओचं उदाहरण घ्या. स्टेशन नीट लागत नसेल आणि आवाज वाढवला तर गाणंही मोठं होतं आणि खरखरही मोठी होते. तसंच फोटोत रवा पडल्यासारखं दिसतं. आम्ही ३२०० पर्यंत जातो. रवाळ फोटो आईला चालतो, हललेला चालत नाही.

आणि झेंडूची माळ? कॅमेऱ्याला स्वतःहून ठरवू दिलं की तो बहुधा सगळ्यांत जवळचं धरतो. त्याला काय माहीत लग्न कुणाचं आहे. म्हणून मधला एकच ठिपका निवडायचा, तो नवरीच्या डोळ्यावर ठेवायचा, बटण अर्धं दाबायचं, टुक असा आवाज आला की मग पूर्ण. हे अर्धं दाबणं आमच्या काकींना सगळ्यांत आधी जमलं. त्या म्हणाल्या, शिलाई मशीनचा पाय असाच दाबतात.

सराव कुठं करायचा? माणसांवर करायची हिंमत उरली नव्हती. म्हणून पाताळगंगेवर गेलो. नवशिक्याला बगळ्यासारखा गुरू नाही. तासभर एका पायावर उभा राहतो आणि तुम्ही काय करता याची त्याला काही पडलेली नसते. बगळा नीट यायला लागल्यावर वेडा राघू. तो तारेवरून झेपावतो, हवेतल्या हवेत किडा धरतो आणि बहुतेक वेळा परत त्याच जागी येऊन बसतो. ती जागा धरून थांबायचं. खंड्या अजूनही आम्हाला एकदाच नीट मिळालाय. उत्साहात कर्नाळ्यालाही जाऊन आलो, १९६८ पासूनचं अभयारण्य ते, पण झाडाखाली इतका अंधार की धाकटीच्या सगळ्या फोटोंत पक्षी नसून फांदी आहे. डबा खाल्ला आणि आलो.

बगळ्यानं आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती आमच्या धंद्याला फार उपयोगी पडली. काळ्या पाण्यासमोर पांढरा बगळा उभा असला की फोटोत त्याची पिसंच दिसायची नाहीत, नुसता चुन्याचा डाग. कारण कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती राखाडीवर आणून ठेवायला बघतो. जास्त काळं दिसलं की म्हणतो, अंधार आहे, उजेड वाढवा. जास्त पांढरं दिसलं की उजेड कमी करतो. आता आमच्या घरांच्या भिंती चुन्याच्या आणि आम्ही सगळ्या सावळ्या. भिंतीसमोर उभं केलं की भिंत राखाडी आणि तोंड काळंठिक्कर. कितीतरी जणींना आयुष्यभर वाटत आलंय की आपला फोटो चांगला येत नाही. बायांनो, फोटोत दोष तुमचा नसतो, त्या सरासरीचा असतो. अधिक-उणेचं एक बटण आहे, ते अधिककडं थोडं सरकवलं की तुमचा आहे तो रंग, तुमची आहे ती तुकतुकी बरोबर उमटते. काही गिऱ्हाइकं म्हणतात, मुलगी जरा गोरी करून द्या. आम्ही देत नाही. त्यापायी दोन ऑर्डरी गेल्या.

पावसाळ्यात सांभाळणं ही वेगळी कसरत. आपल्याकडच्या दमट हवेत लोणच्याला येते तशी बुरशी लेन्सच्या आतल्या काचेला येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. एकदा आली की घरी निघत नाही. कपड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवणं तर सगळ्यांत वाईट, कापड ओल धरतं. आम्ही झाकणाला रबर असलेला मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतला, त्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पिशव्या टाकल्या. तांदळात ठेवा असं पुष्कळ जण सांगतात, पण तांदळाची भुकटी काचांत जाते. तांदूळ आपले भाताला. आणि लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली धरायचं, वारा असेल तर आडोशाला जायचं. हे सगळं बाळाच्या टाळूसारखं जपावं लागतं.

याच काळात कुणीतरी आम्हाला होमाई व्यारावालांबद्दल सांगितलं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. पारशी, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधे शिकलेल्या. साडी नेसून, खांद्याला जडशीळ कॅमेरा अडकवून त्या दिल्लीत पंतप्रधानांपासून परदेशी पाहुण्यांपर्यंत सगळ्यांचे फोटो काढायच्या. गाडीचा नंबर डीएलडी १३, म्हणून 'डालडा १३' हे त्यांचं टोपणनाव. २०११ साली पद्मविभूषण मिळालं, २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. आमच्यासारखी झूम लेन्स त्यांच्या हाती नव्हती. चेहरा मोठा हवा असेल तर पावलं टाकत जवळ जायचं. समोरच्या माणसाला दिसायचं, की ही बाई माझा फोटो काढतेय. त्या वेळी ही गोष्ट आम्ही ऐकली आणि त्यांच्या धीटपणाचंच कौतुक केलं. दुसरी बाजू नंतर कळली.

१९ जुलै २०२३ ची रात्र आमच्या तालुक्यात कुणी विसरणार नाही. इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, माणसं पावसात चिखलातून चढून गेली. आम्ही गटानं भाकऱ्या केल्या, खाली पाठवल्या. तेव्हा एक ओळखीचा मुलगा म्हणाला, तुमच्याकडं लांबची लेन्स आहे ना, आणा की, खालून वरचं दिसेल. काकींनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं. त्या आठवड्यात कॅमेऱ्याचा डबा आम्ही उघडलाच नाही. आपण शहाण्यासारखं वागलो असं आम्हाला वाटलं होतं. पण दुःखाच्या घरी जे सुचतं ते लग्नघरी सुचतंच असं नाही.

आता ज्यासाठी हे भाषण करायला आलो ते सांगतो. त्यांना विचारूनच सांगतोय. नाव-गाव सांगणार नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर डिसेंबरात कर्जतच्या बाजूला एका घरी हळदीची ऑर्डर होती. आता आम्ही तयार होतो. उजेडाचा अंदाज आधीच घेतला, ठिपका, आयएसओ, सगळं हाताशी. वहिनी आखूड लेन्स घेऊन पुढं आणि धाकटी लांबची घेऊन अंगणाच्या कडेला. दुसरा कॅमेरा तोवर भाड्यानं आणायला लागलो होतो. मुलीचे वडील चार वर्षांपूर्वी वारलेले. हळद लावायला सुवासिनींची रांग लागली. चुलत्या, मावश्या, आत्या, शेजारणी. मुलीची आई कुठं दिसेना.

धाकटीला दिसली. तीस-पस्तीस फुटांवर, स्वयंपाकघराच्या दाराआड. अर्धं अंग आत, हात चौकटीवर, नजर लेकीवर. मागून चुलीचा उजेड, पुढून अंगणातला. धाकटीनं श्वास धरला, अर्धं बटण, टुक, पूर्ण बटण. एकच फोटो. हललेला नाही, रवाळ नाही, डोळ्यातलं पाणी वेगळं दिसतंय. मैत्रिणींनो, आम्ही काढलेला सगळ्यांत चांगला फोटो तो. दादांनी पडद्यावर पाहिला तेव्हा ते खुर्चीतून उठले होते.

आम्ही तो अल्बमच्या पहिल्या पानावर मोठा करून लावला. आम्हाला वाटलं, ज्या बाईला रांगेत जागा मिळाली नाही तिला आपण पहिल्या पानावर बसवतोय. फार अभिमान वाटला आम्हाला स्वतःचा.

अल्बम द्यायला गेलो तेव्हा घरात पाच-सहा बायका होत्या. सगळ्या वाकून बघायला लागल्या. जाऊ म्हणाली, "आगोबाय, रडतेस की तू!" आईनं अल्बम मिटला. आत गेली. आम्हाला चहा दिला. सगळ्या गेल्यावर आमच्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी लपायला ती जागा शोधली होती. तेवढीच जागा होती मला. तुम्ही ती सगळ्यांना दाखवली."

आम्हाला काही सुचेना. मग आमच्या वहिनी, ज्यांना पेपर वाचायची सवय आहे, त्यांनी सांगायला सुरुवात केली, की कोल्हापूरकडं शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे, तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मधे ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. नंतर सरकारनंही परिपत्रक काढून सगळ्या गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. तुम्हीही हळद लावायची होती, कोण काय म्हणणार?

त्या बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हेरवाडात माझी जाऊ राहत नाय."

हे वाक्य घेऊन आम्ही घरी आलो. बैठकीत भांडण झालं, खोटं कशाला सांगू. धाकटी म्हणत होती, फोटो खरा आहे, खरं दाखवायला काय हरकत? लपलेलं दाखवलंच नाही तर बदलणार कसं? काकी म्हणत होत्या, खरं कुणाचं? तिचं की तुझं? धाकटी रडली. तिचं म्हणणं अगदीच चूक होतं असं आम्हाला आजही वाटत नाही. पण त्या दाराआडच्या बाईनं जवळ उभी असलेली फोटोवाली पाहिली असती तर ती आत सरकली असती, किंवा नको म्हणाली असती, किंवा कदाचित डोळे पुसून नीट उभी राहिली असती. यातलं काय करायचं हे तिच्या हातात असतं. पस्तीस फुटांवरून आम्ही ते तिच्या हातातून काढून घेतलं. बाप्या फोटोवाला नको म्हणून ज्या म्हाताऱ्या आत जाऊन बसायच्या, त्यांच्यासाठी आम्ही हा धंदा काढला होता, आणि आम्हीच आतपर्यंत पोचलो.

अल्बमचं पहिलं पान आमच्या खर्चानं बदलून दिलं. धाकटीनं त्यांच्यासमोर बसून कार्डावरून, कॉम्प्युटरवरून, मोबाइलवरून तो फोटो पुसला. आता तो कुठंच नाही. आम्हाला चौघींना मात्र पाठ आहे.

आता आम्ही ऑर्डर घेताना घरात आधी एक चक्कर मारतो, कॅमेरा पिशवीत ठेवून. कोण कुठं बसलंय, कोण पुढं येत नाही, ते बघतो. जवळ जाऊन विचारतो, आजी, तुमचा काढू का? कशी काढू? पुष्कळ जणी नको म्हणतात. काही थोड्या वेळानं स्वतः खुणावतात. लांबची लेन्स बंद केलेली नाही. दहीहंडीला, शाळेच्या खेळांना, पाताळगंगेच्या काठाला ती लागतेच, आणि स्टेजवरच्या कार्यक्रमाला तिच्याशिवाय भागत नाही. कॅमेऱ्याचं कर्ज तीन हप्ते सोडून सगळं फिटलंय.

गेल्या महिन्यात त्या बाईंचा फोन आला. लेक माहेरपणाला आली होती. म्हणाल्या, "आमचा दोघींचा एक काढून द्या. घरात कोन नाय आज." चौघी गेलो. ओसरीवर दोघी बसल्या. धाकटीनं आखूड लेन्स लावली आणि समोर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर उकिडवी बसली. लेकीनं मधेच उठून आतून वाटी आणली आणि आईच्या गालाला हळदीचं बोट लावलं. आईनं आधी रस्त्याकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं पाहिलं, आणि मान हलवली. तेव्हा काढला.

फोटो साधाच आहे. आईचे डोळे किंचित मिटलेत, लेकीचा कोपर कडेला कापला गेलाय. दादांना दाखवला तर ते म्हणतील, ठीक आहे. त्यांनी तीन प्रती मागितल्या. एक लेकीला, एक ट्रंकेत, तिसरी कुणाला ते आम्ही विचारलं नाही. पैसे देताना त्यांनी फोटो पुन्हा एकदा उजेडाकडं धरून नीट पाहिला आणि विचारलं, "यात ते दार दिसत नाय ना?"

नव्हतं दिसत. दार आमच्या पाठीमागं होतं.